फाट्यावरची शाळा

मार्च महिन्यात परभणीहून चार माणसं आली आणि सावळवाडीच्या शाळेतल्या लेकरांना एकेक करून समोर बसवून वाचायला लावून गेली. चौथीतल्या बहुतेक पोरांना दुसरीचा धडा वाचता येत नाही, असा निकाल लागला. गावाला त्याचं नवल वाटलं नाही. पहिली ते पाचवीचे वर्ग, खोल्या दोन, आणि मास्तर कागदावर दोन असले तरी त्यातला एक कायम तालुक्याच्या कामावर. राहिले ओमप्रकाश सर. ते पाचही वर्ग एका खोलीत घेऊन बसायचे. तेवढ्यात मतदार यादीचं काम यायचं, नाहीतर मोबाईलवर कसली तरी माहिती आजच्या आज भरून मागायचे. मग पोरं अंगणात आणि सर व्हरांड्यात रेंज शोधत फिरायलेत, असं चाललेलं.

पण या वेळी गोष्ट निकालावर थांबली नाही. जून लागता लागता एका संस्थेचा धम्मानंद नावाचा कार्यकर्ता मोटारसायकलवर आला. मारुतीच्या पारावर त्यानं लोकांना दोन गोष्टी सांगितल्या. ज्यांना पाहिजे त्यांनी आपलं लेकरू फाट्यावरच्या मोठ्या शाळेत घालावं. तिथं प्रत्येक वर्गाला वेगळा मास्तर आहे, न्यायला-आणायला संस्थेची जीप येईल. आणि ज्यांना गावातच राहायचं त्यांच्यासाठी रोज संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात फुकट शिकवणी.

"शिकवणी घ्यायला कोण येणार?" कुणीतरी विचारलं.

धम्मानंदनं बायकांच्या घोळक्यात बसलेल्या राजेश्रीकडं हात केला. राजेश्री म्हणजे महारुद्रची बायको. माहेर पिंगळीचं. डी.एड. होऊन, परीक्षा पास होऊन बसली होती, पण भरतीत काही तिचा नंबर लागला नव्हता. लग्न होऊन आल्यापासून ती सोयाबीन खुरपत होती आणि पोरीचा अभ्यास घेत होती. धम्मानंद आदल्या दिवशी घरी येऊन तिला विचारून गेला होता. तिनं चहा ओतता ओतताच हो म्हटलं होतं. शिकवायला मिळणार एवढंच तिला ऐकू आलं होतं.

शिकवणीच्या जोडीला तिच्यावर आणखी एक काम होतं. घरोघर जाऊन आईबापांना दोन्ही वाटा समजावून सांगायच्या. राजेश्रीनं ते मन लावून केलं. ज्याचं लेकरू हुशार दिसलं त्याला ती म्हणायची, "मामा, घाला फाट्यावर. हितं किती दिवस खितपत ठेवता?" त्या वर्षी पोस्टमास्तरचा नातू गेला, सरपंचाच्या दोन्ही पुतण्या गेल्या, ज्यांच्या घरात कुणीतरी बारावी शिकलेलं होतं अशी दहाएक लेकरं गेली. सकाळी जीप पाराजवळ यायची, इस्त्रीचे कपडे घातलेली पोरं चढायची आणि धूळ खाली बसेपर्यंत बाकीची पोरं बघत उभी राहायची.

बाकीच्यांत सिताराम आबांची नात होती, भागीरथी. राजेश्रीच्या पोरीच्या, सृष्टीच्याच वर्गात, तिसरीत. तिचे आईबाप दिवाळी झाली की ऊस तोडायला जायचे ते चैत्रातच परतायचे, आणि पावसाळ्यात पुन्हा शहराकडं बांधकामावर. धाकटा भाऊ त्यांच्याबरोबर, आणि भागी आबांजवळ. आबांच्या डोळ्यांत फूल पडलेलं. एका डोळ्यानं दिसायचं, तेही धुरकट. भाकरी भागी करायची, पाणी भागी भरायची, आबांना हाताला धरून पारापर्यंत आणायची ती भागीच.

राजेश्री त्यांच्याकडंही गेली होती.

"सूनबाई, आमच्या पोरीला जीपीत बसिवलं तर मला बाहीर कोण न्यायचं?" आबा म्हणाले. "अन् तिकडं दुखलं-खुपलं तर मी आंधळा माणूस कसा जाऊ फाट्यावर? हितं बरंय. दारातून हाक मारली तर ऐकू जाते तिला."

"तसं तर तसं, आबा. तिला शिकवणीला पाठवा मग. मी बघते तिच्याकडं."

"शाळा चालू राहील ना पण? लोकं जायलेत बघून मला फिकीर वाटायली."

"शाळा कुठं जायली आबा? साठ वर्षांची शाळा हाय. तुमी बी तिच्यातच शिकलेत की."

आबा खूश झाले. चौथीपर्यंत शिकलो, म्हणाले, अन् त्या काळचे मास्तर बोटांवर छडी मारायचे.

भागीला काहीच येत नव्हतं, म्हणजे अगदीच काही नाही. तिसरीत असून म आणि भ तिला सारखेच दिसायचे. राजेश्रीनं तिला पहिल्या दिवशी धडा वाचायला दिला तेव्हा तिनं तो घडाघडा म्हटला. सगळा पाठ होता. पुस्तक मात्र उलटं धरलेलं.

राजेश्री हसली नाही. तिनं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि व्हरांड्याच्या फरशीवर खडूनं भलामोठा भ काढला. "ह्याच्यावर चाल," म्हणाली. भागी अनवाणी पायांनी त्या अक्षरावरून चालली. मग म वरून चालली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. बाकीच्या पोरांना मजा वाटली, तीही चालायला लागली. सृष्टी तर चालता चालता उड्या मारायची, कारण तिला ते सगळं आधीच येत होतं. भागी मात्र खाली मान घालून एक-एक वळण पायानं चाचपत चालायची.

पावसाळा गेला. दसऱ्याच्या आसपास एक दिवस राजेश्रीनं फळ्यावर "भाकर" लिहिलं. भागीनं बराच वेळ त्याच्याकडं बघितलं. तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"भा... क... र." मग ती एकदम वळली. "बाई, भाकर! भाकर हाय ते!"

तिला त्या दिवशी आवरता आवरेना. "नाक", "मका", "भात", मिळेल ते वाचत सुटली. घरी जाऊन आबांना सांगितलं असेल, कारण दुसऱ्या दिवशी आबा तिच्या खांद्यावर हात ठेवून स्वतः व्हरांड्यापर्यंत आले. खांबाला टेकून शिकवणी संपेपर्यंत ऐकत बसले. राजेश्रीला वाटलं, भरती नाही निघाली तरी चालंल आता.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये आणखी लेकरं जीपीत बसली. पहिल्या वर्षी गेलेल्या पोरांना इंग्रजी कविता म्हणता येतात, हे सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं. आता राजेश्रीला कुणाच्या दारी जावं लागत नव्हतं, लोकच तिच्याकडं यायचे.

एका दुपारी ओमप्रकाश सर तिच्या घरी आले. खुर्चीत बसले, पाणी पिऊन पेला किती तरी वेळ हातातच धरून राहिले.

"ताई, पट खाली चाललाय."

"हो सर."

"वीसच्या खाली गेला की शाळेचं काही खरं नसतं. शेजारच्या मोठ्या शाळेत जोडून टाकतात. आता तुमी लोकांना जरा..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"कुणाला नाही म्हणू सर, तुमीच सांगा. कुणाच्या लेकराला म्हणू, तू राहा हितं?"

सरांनी पेला खाली ठेवला. ते वाईट मास्तर नव्हते. राजेश्रीनं त्यांना तापात फणफणत असताना शाळेत आलेलं पाहिलं होतं. ते उठले आणि दारातून म्हणाले, "निदान तुमची सृष्टी तरी ठेवा. लोकं तुमच्याकडं बघूनच चालायलेत."

सृष्टीला हलवायचं नाही हे राजेश्रीनं कधीच ठरवलं होतं. आपण गावातल्या शाळेत शिकवणी घेतो आणि आपलंच लेकरू बाहेर घालतो, हे तिला पटत नव्हतं. पण घरात महारुद्रचा तोल आता सुटत चालला होता.

"दुसऱ्याची लेकरं तू फाट्यावर पाठवली, अन् आपली सडवायलीस?" एके दिवशी जेवताना तो म्हणाला.

"सडायली काहून? मी शिकवते की तिला."

"तू एकटी काय काय शिकवशील? चौथीत आता पोरं किती हायेत, विचार तिलाच."

सृष्टीनं ताटातून मान वर केली नाही. "मी, भागी अन् तो तोतरा," म्हणाली. "सर आमाला पहिलीच्या पोरांबरोबर बसवतात. आई, मला तिथं नाही बसायचं." आणि मग तिला रडू आलं. जेवण सोडून ती न्हाणीकडं गेली.

राजेश्री तिच्या मागं गेली नाही. पोरगी खोटं बोलत नव्हती. सर सकाळभर पहिली-दुसरीला घेऊन बसले की चौथीची तीन पोरं फळ्यावरचं उतरवून काढत बसायची, आणि उतरवून झालं की खिडकीबाहेर बघायची. संध्याकाळच्या दीड-दोन तासांत राजेश्री किती भरून काढणार? सृष्टीला जे येत होतं ते शाळेतलं नव्हतं, आईकडचं होतं, आणि आईकडचंही आता संपत आलं होतं.

त्या आठवड्यात तिनं दाखल्यावर सही केली.

सोमवारी सकाळी ती सृष्टीला जीपीपर्यंत सोडायला गेली. पाण्याची कळशी घेऊन भागी हापशावर उभी होती. तिनं सृष्टीकडं बघितलं, मग राजेश्रीकडं. "बाई, सृष्टी बी चालली का?" तिनं विचारलं. त्यात राग नव्हता, रुसवाही नव्हता. राजेश्री "हो" म्हणाली आणि तिनं सृष्टीचं दप्तर जीपीत ठेवलं. भागीनं कळशी डोक्यावर घेतली आणि ती गेली.

त्यानंतरच्या पंधरवड्यात उरलेल्यांतली ज्यांची ज्यांची ऐपत होती ती सगळी लेकरं गेली. ताईनंच आपली हलवली म्हटल्यावर थांबायचं कशाला? राहिली ती ऊसतोडीला जाणाऱ्यांची, एका विधवेची दोन, आणि तो बोलताना अडखळणारा पोरगा. शिकवणीला पूर्वी व्हरांडा भरायचा, आता एका चटईवर मावत होती.

राजेश्रीनं त्या वर्षी जीव तोडून शिकवलं. भागी जोडाक्षरांपर्यंत आली. अडखळत का होईना, वाचायला लागली. आबांना वर्तमानपत्राचा जुना तुकडा वाचून दाखवायची. शब्द अडला की तिथंच बोट ठेवून बसायची आणि संध्याकाळी तो कागद घेऊन राजेश्रीकडं यायची.

तिसऱ्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडलीच नाही. दाराला कुलूप, आणि ओमप्रकाश सरांची बदली सेलूकडं. सावळवाडीची शाळा फाट्यावरच्या शाळेत जोडली, असं वरून आलं होतं. राजेश्रीला धक्का बसला खरा, पण तिनं मनाची समजूत घातली. चला, आता सगळीच लेकरं जीपीत बसतील, भागीही बसेल. आबांना काही तरी समजावून सांगू.

तिनं धम्मानंदला फोन केला. तो स्वतः आला. पारावर न बसता सरळ तिच्या घरी आला आणि उंबऱ्यातच उभा राहिला.

"ताई, जीप बंद झाली," तो म्हणाला.

"बंद? आता तर खरी गरज हाय."

"ऐका ना. जीप अन् शिकवणी, दोन्ही सावळवाडीच्या शाळेच्या नावावर मंजूर होतं. कमजोर शाळेतल्या मुलांसाठी. आता ती शाळाच राहिली नाही. फाट्यावरची शाळा चांगल्या शाळांत मोडते. चांगल्या शाळेतल्या पोरांना ही मदत लागू होत नाही म्हणतात."

राजेश्रीला आधी ते नीट समजलंच नाही. तिनं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं, जरा हळू आवाजात.

"अहो, पण लेकरं तीच हायेत ना सर?"

"मी तेच म्हणालो त्यांना. तीनदा गेलो. माझ्या हातात असतं तर..." त्यानं हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "शिकवणीचंही तेच. या महिन्यापासून तुमी सुटल्या."

ज्यांची ऐपत होती त्यांनी मिळून एक टमटम ठरवली. सृष्टी त्यात जाऊ लागली. विधवेनं आपली दोन्ही लेकरं भावाकडं मानवतला पाठवली. राजेश्रीनं आपल्या टमटममध्ये भागीसाठी जागा मागितली, तेव्हा बाकीच्या आया म्हणाल्या, आधीच लेकरं लटकून जायलेत, आणखी कुठं घ्यायची? तरी एक-दोघी सरकून बसवायला तयार झाल्या. मग आबांचाच प्रश्न राहिला.

राजेश्री त्यांच्याकडं गेली. आबा ओसरीवर बसले होते. त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"या सूनबाई. शाळा बंद झाली म्हणायलेत."

"हो आबा."

"तुमी म्हणलात कुठं जाणार न्हाई." ते सहज म्हणाले, जसं पाऊस येईल म्हणाला होता अन् आला नाही असं म्हणावं. राजेश्रीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. त्यांना दिसत नाही हे माहीत असूनही तिला मान वर करता येईना.

"आबा, तिला टमटममध्ये पाठवता का? दिवसभर मी येऊन बघीन तुमच्याकडं. भाकरी मी आणून देईन."

"तुमी किती दिवस आणताल? तुमचं बी घर हाय, शेत हाय." आबांनी मान हलवली. "अन् मी सांगून काय उपयोग? तिच्या बापाचा फोन आला होता. शाळा न्हाई तर पोरगी हितं ठिवून काय करायची, म्हणतो. दिवाळीला संगं नेतो म्हणतो. धाकट्याला सांभाळंल, दोन भाकरी थापील. मला चारठाण्याला लेकीकडं सोडणार हायेत."

दिवाळीला चार महिने होते. राजेश्रीनं ते चार महिने पकडायचं ठरवलं. भागी रोज संध्याकाळी तिच्या घरी यायची. कधी सृष्टीच्या शेजारी बसून तिच्या पाचवीच्या पुस्तकातलं वाचायची. सृष्टी आता भराभर वाचायची. भागी मधेच अडली की ती पुढचं वाक्य स्वतःच म्हणून टाकायची. "तिला वाचू दे," राजेश्री ओरडायची, आणि सृष्टी तोंड फुगवून उठून जायची.

मधल्या काळात राजेश्री तालुक्याच्या ऑफिसातही जाऊन आली. तिथला माणूस भला होता. त्यानं तिला बसवून घेतलं, कॉम्प्युटरवर नाव शोधलं.

"भागीरथी. आहे की. पाचवी, फाट्यावरची शाळा. नाव दाखल आहे."

"नाव हाय सर, पोरगी जात न्हाई. दिवाळीला ऊसतोडीला चालली."

"मग तिथल्या मुख्याध्यापकांना सांगा. आमच्याकडं ती शाळेत आहे. शाळेत असलेल्या मुलीसाठी मी काय पाठवू?"

ती फाट्यावर गेली. मुख्याध्यापक म्हणाले, पोरगी गावातच नसेल तर आमी कुणाला आणायचं? आईबापाचं मन वळवा. म्हणजे पुन्हा तिच्याकडंच आलं.

आईबाप दिवाळीच्या आधी दोन दिवस आले. राजेश्री गेली तेव्हा भागीची आई, छबूबाई, बोचकी बांधत होती. हातातली गाठ तशीच धरून तिनं सगळं ऐकून घेतलं.

"ताई, तुमी केलं ते कुणी करत न्हाई," ती म्हणाली. "वाचायला आलं तिला, हे लय झालं. पण कुणाजवळ ठिवू, सांगा. बुढ्याचे डोळे गेले. पोरगी आता मोठी व्हायली. रिकाम्या घरात एकटी कशी ठिवू?"

"माझ्याकडं ठेवा," राजेश्री म्हणून गेली. म्हणताना घरातली झोपायची एकच खोली तिच्या डोळ्यांपुढं आली, सासू-सासरे आले, महारुद्र आला.

छबूबाईनं तिच्याकडं जराशा मायेनंच बघितलं. "घरी इचारलंत का?"

राजेश्रीनं विचारलं नव्हतं. त्या दुपारी विचारलं. महारुद्र चिडला नाही. तो फक्त म्हणाला, "सहा महिने परक्याची पोरगी. काही झालं तर तिच्या बापाला तोंड कोण दाखवणार?" सासूबाई भांडी घासायला उठून गेल्या, आणि त्याचा अर्थ घरात सगळ्यांना समजायचा.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला. त्यात बाज, पत्रे, शेळ्या, भांडी, माणसं चढली. भागी भावाला कडेवर घेऊन चढली. राजेश्रीनं तिला आपल्याकडचं गोष्टीचं पुस्तक दिलं होतं, ते तिनं फ्रॉकच्या आत खोचून घेतलं होतं. ट्रक निघाला तेव्हा भावाला आवरण्याच्या नादात तिचं मागं बघायचं राहिलंच.

डिसेंबरात राजेश्रीनं छबूबाईच्या नंबरवर तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा तो लागला. भागीनंच उचलला.

"बाई!"

"भागे, कशी हायेस? वाचतीस का?"

"पुस्तक भिजलं, बाई. पाचटाच्या कोपीत वरून पाणी आलतं. पानं चिकटली."

"बरं, असू दे. दुसरं काही हाय का वाचायला तिथं? ट्रॅक्टरवर लिहिलेलं असतंय बघ. समोर काही लिहिलेलं दिसतंय का?"

"दिसतंय. ट्रॉली हाय."

"वाच मग. काय लिहिलंय?"

फोनवर वारा वाजत होता. लांब कुठंतरी उसावर कोयते पडत होते.

"आ... आई..." भागी म्हणाली. "आईचा... आ... शी..." ती थांबली. "पुढचं जोडाक्षर हाय बाई. ते र ला... ते वर..."

"थांबू नकोस. वरचा र आधी म्हणायचा. म्हण."

"आशी..."

मागून लेकरू रडायला लागलं आणि एका बाईची हाक आली, "भागेऽऽ! त्याला घी की!"

"आले!" भागी ओरडली. फोन तिनं तसाच कुठंतरी ठेवला असावा, कारण तो बंद झाला नाही. राजेश्रीला लेकराचं रडणं जवळ आलेलं ऐकू आलं, मग भागीचं "उगी, उगी," मग पाचट तुडवल्याचा आवाज, आणि तो लांब लांब गेला. ती फोन कानाला लावून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "आशीर्वाद," ती एकदा हळूच म्हणाली. "भागे, आशीर्वाद हाय ते."

थोड्या वेळानं एका गड्यानं फोन उचलला. "कोन बोलायलंय?"

"मी सावळवाडीहून. भागी हाय का?"

"पोरगी गेली पाण्याला," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

राजेश्रीनं परत लावला. लागला नाही. त्या आठवड्यात आणखी दोन-तीनदा लावला, मग ऊसतोडीची टोळी दुसऱ्या गावच्या फडावर गेल्याचं आबांच्या लेकीकडून कळलं. तिथं रेंज नव्हती.